दर दोन तासांनी कूस

सासूबाईंना जाऊन एकवीस दिवस झाले, तरी दहा वाजले की सुनेचे पाय त्या खोलीकडे वळायचे. बारा वाजता पुन्हा, दोनला पुन्हा. नऊ वर्षं तिनं दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली होती. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, "चला, आता भिंतीकडे." पाठीला एक जखम होऊ दिली नाही.

आता खाट रिकामी होती. पण चमचा वाजायचा. खाटेच्या लोखंडी कठड्यावर, तीनदा. वाचा गेल्यापासून सासूबाई तशीच हाक मारायच्या.

"ऐकलंत?" तिनं नवऱ्याला एकदा विचारलं.

"काय?"

पुन्हा तिनं विचारलं नाही.

त्या दिवशी नणंद आली. सुनेनं पाणी दिलं. एक घोट घेऊन नणंदेनं पेला डोळ्यांसमोर धरला.

"वहिनी, हे पाणी आहे की खळ?"

सुनेनं पेला ओढूनच घेतला. पातळ पाण्यानं सासूबाईंना ठसका लागायचा, म्हणून त्यात घट्ट करायची पावडर घालावी लागे. आज हातांनी विचारलंच नाही, घालून मोकळे झाले.

"माझ्यावर अजून ती वेळ आली नाही गं," नणंद हसली आणि मुद्द्यावर आली. "बाबांना उद्या माझ्याकडून परत इथं आणून सोडते. आता त्यांना उठून बसताही येत नाही. आणि तू काय, मोकळीच आहेस."

मोकळी. शिवणाच्या कारखान्यातून कालच निरोप आला होता, सोमवारपासून दुपारची पाळी. एके काळी कॉलर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता नाही म्हटलं, तर मास्तर पुन्हा विचारणार नव्हते.

"मी सोमवारपासून कामावर जातेय, वन्सं."

"आणि बाबा?"

"सकाळी मी. रात्री तुमचे भाऊ. दुपारी तुम्ही."

"मला कुठलं जमतंय? तुझे हात सरावलेत."

"आईच्या पोटातून शिकून आले नव्हते मी."

आत चमचा वाजला. सून बोलता बोलता उठली. घड्याळात बारा झाले होते.

"या आत, दाखवते. आडव्या व्हा."

"आईच्या खाटेवर?"

"बाबांची खाट आता हीच."

नणंद कशीबशी आडवी झाली. गादीत सासूबाईंच्या अंगाएवढा खळगा पडला होता, ती बरोबर त्यात मावली. सुनेनं हात खाली सरकवले. "अंग सोडा. मला मदत करू नका, त्यांना करता येत नव्हती." आणि एका दमात तिला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, गुडघ्यांत दुसरी.

नणंदेची नजर समोर गेली.

"इथून नुसतं दार दिसतं गं."

"हो."

"आई दिवसभर दाराकडेच बघायची?"

"दोन तास दाराकडे, दोन तास भिंतीकडे. भिंतीकडे वळवलं की चमचा वाजवायच्या." सुनेनं उशी सारखी केली. "तुम्ही याल असं वाटायचं त्यांना."

नणंदेनं डोळे मिटून घेतले. मग मान न हलवता विचारलं, "दुपारी किती वाजता येऊ?"

"साडेअकराला. बाराला मला मशीनवर बसायचंय."

"आता उठव मला."

"स्वतः उठू नका," सून म्हणाली. "आता दुसऱ्या कुशीवर कसं वळवायचं, ते बघा."