डिस्क म्हणाली, लिहिलं

दोन हजार सालाच्या आसपास नाशिकजवळच्या एका खासगी वजनकाट्याचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. कांद्याची भरलेली ट्रॉली काट्यावर चढायची, तिचं वजन कॉम्प्युटरात जायचं. मग कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर ओतून ट्रॉली रिकामी परत आली की दोन्ही वजनांची पावती निघायची. हंगामात ट्रॅक्टरांची रांग पार हायवेपर्यंत, आणि माझा प्रोग्रॅम दर नोंद डिस्कवर पक्की लिहून होईपर्यंत अडून बसायचा. काट्याचे मालक नुसतं डोकं खायचे माझं. शेवटी मी फाइलमध्ये पुढची जागा आधीच अडवून ठेवली, म्हणजे दर वेळी फाइलची लांबी नव्याने नोंदवायला नको, नुसतं वजन लिहिलं की झालं. त्यातच मालकांनी नवा कॉम्प्युटर आणला. नोंदी अशा पळायला लागल्या की मी हवेतच.

एका दुपारी लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली. लाइट आल्यावर एक बाई रिकामा ट्रॅक्टर घेऊन आल्या, स्वतःच चालवत. त्यांचं भरलेलं वजन कॉम्प्युटरात नव्हतंच. कांदा तर खळ्यावरच्या ढिगात मिसळून गेलेला.

मालक म्हणाले, "ताई, तुम्ही काट्यावर आलाच नाहीत. थेट खळ्यावर गेलात."

बाईंनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आवो, ह्या पडद्यावर आकडा पाहिला ना मी."

मी चक्रावलो. डिस्ककडून 'लिहिलं' असा निरोप आल्याशिवाय माझा प्रोग्रॅम पडद्यावर आकडा दाखवतच नसे. तिथल्या तिथे मी एक नोंद घातली, आकडा उमटू दिला आणि सरळ प्लग उपटला. पुन्हा चालू केलं तर नोंद गायब. नवी डिस्क आकडा आपल्या, वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या, तात्पुरत्या मेमरीत ठेवून खुशाल 'लिहिलं' म्हणत होती. इतकी धडधडीत थाप, तीही यंत्राने? नोंदींचा तो वेग माझ्या युक्तीचा नव्हताच.

मालकांनी बाईंची माफी मागितली, व्यापाऱ्याला बोलावून घेतलं.

"ताई खऱ्या, मान्य," व्यापारी म्हणाला. "पण वजन कुठंय? तोंडी आकड्यावर मी माल घेत नाही." त्याने ढिगाकडे बघून अंदाज सांगितला. बाईंनी पाहिलेल्या आकड्याहून तो बराच कमी होता. मालकांच्या सांगण्यावरून मी तोच आकडा पावतीवर लिहिला.

बाईंनी तेवढ्यावर सही केली, पेन माझ्यापुढे ठेवलं.

"खोटं तुमचं मशीन बोललं ना? मग कमी माझंच का?"