पासवर्ड टाकला, आता चहा ठेवा

साहेबांचा मेल आला आणि माझी झोप उडाली. ‘घरून लॉगिन व्हायला असाच वेळ लागणार असेल, तर वर्क फ्रॉम होम बंद. सगळ्यांनी रोज रसायनीला कारखान्यात यावे.’ त्यांच्यासाठी दोन ओळी. माझ्यासाठी चार वर्षांची लेक ओवी, कर्जत-रसायनी जा-ये आणि सासूबाईंचे गुडघे!

सर्व्हरमध्ये शिरताना सगळ्यांचीच स्क्रीन गोठत होती आणि ते निस्तरायचं काम माझं. अशा वेळी मला पहिला संशय स्वतःचाच येतो. आयटी सपोर्टचं एक आहे, सगळं नीट चाललं की सांगायला काही उरत नाही. बिघडलं की किस्सेच किस्से.

*

चौक गावचे दत्तादादा आमचे स्टोअरकीपर, मालाच्या नोंदी घरून करतात. ओवीला ‘शू!’ केलं आणि त्यांना फोन लावून विचारलं, “दादा, पासवर्ड टाकल्यावर नेमकं काय होतं?”

“काय नाय होत. मी च्या ठेवतो. उकळतो, गाळतो, पितो. मग उघडतं.”

“सॉरी दादा, बघते मी.”

“सावकाश बघा मॅडम! लग्नापासून पयल्यांदा मी च्या करतोय. बायको म्हनते, ऱ्हाऊ दे असंच!”

*

मला वाटलं, नेट स्लो असेल. कळंबची वैशाली अकाउंट्सला आहे. तिला म्हटलं, शेजारच्या रिसॉर्टच्या वायफायवरून बघ. तिने फोटो पाठवला. मागे स्विमिंग पूल, मांडीवर लॅपटॉप.

“ताई, इथं व्हिडिओ नुसते पळतात. लॉगिन मात्र तसंच बसून हाय. एकदा आत गेलं की सगळं फास्ट!”

म्हणजे नेटचा दोष नव्हता. घोळ फक्त दारात होता.

“पण ताई, कारण सापडेपर्यंत मी इथूनच ट्राय करत राहू ना गं?”

*

साहेबांकडे प्रत्येक आजारावर एकच औषध. “रिस्टार्ट कर.”

केलं. भरदुपारी. गेटवरचा वजनकाटा बंद, बाहेर टेंपोंची रांग, ड्रायव्हरांचे हॉर्न. लगेच साहेबांचा फोन, “सर्व्हर कुणी बंद केला?”

“सर, तुम्हीच म्हणालात...”

“मी म्हणालो म्हणून लगेच करायचं?”

*

शेवटी लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतःच ठेवलेल्या नोंदी, वाचत बसले. आत येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सर्व्हर दुसऱ्या एका मशीनला विचारत होता, ‘हा पत्ता कुणाचा?’ उत्तर येत नव्हतं. वाट बघून बघून तो कंटाळायचा आणि आत सोडायचा.

ते मशीन शोधायला ओवीला सासूबाईंकडे ठेवून रसायनी गाठली. सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात ते सापडलं, एक छोटा डबा. त्यावर हळदकुंकू, सुकलेला झेंडूचा हार. प्लग काढलेला, आणि त्याच्या सॉकेटमध्ये दसऱ्याच्या पूजेची लायटिंगची माळ! अजून लुकलुकत होती.

इलेक्ट्रिशियन रमेशला बोलावलं. “अरे, हे बंद का केलंस?”

“चालू मशीन तापतं मॅडम. फुलं लगेच सुकतात.”

मी प्लग लावला. वैशालीला फोन केला. ती पटकन आत! साहेबांचा मेल आला, ‘वर्क फ्रॉम होम चालू राहील.’ दत्तादादांचा मेसेज आला, फक्त रडका चेहरा.

*

घरी पोचले ती कंबर मोडलेली, पण खुशीत. ओवीला मांडीवर घेतलं. म्हटलं, “आई आता ऑफिसला जाणार नाही. रोज घरीच!”

मला वाटलं, गळ्यात पडेल. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

“रोज?”

“रोज!”

“मग मी मोठ्याने कधी बोलायचं?”