भटू मिस्तरीचे उलटे बोल्ट

शिंदखेड्याच्या भटू मिस्तरीने अठरा वर्षं धुळ्यात प्रेमराजशेठच्या भंगार कारखान्यात विहिरींवरच्या जुन्या पाणबुडी मोटारी खोलून तांबं काढलं. मग तिथे मोटारी आपोआप खोलणारं यंत्र आलं. त्याला शिकवायला दोन महिने भटूच्या कपाळावर कॅमेरा बांधला, हातांची एकेक हालचाल टिपून घेतली. काम झाल्यावर प्रेमराज सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "भटू, तुझे हात आता आमच्याकडे आहेत. तू घरी जा."

ते वाक्य भटूच्या जिव्हारी लागलं. लागणारच! ज्याच्या जिवावर कारखाना चालला त्यालाच हिणवायचं म्हणजे मुजोरीची हद्द झाली.

भटूने गावी मोटारदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि सुडाचा डाव रचला. येईल त्या मोटारीला तो उलट्या आट्याचे बोल्ट बसवू लागला. साधा बोल्ट डावीकडे फिरवला की सुटतो. हा आणखी आवळला जायचा. दिसायला दोन्ही सारखेच. कधीतरी या मोटारी भंगारात जाणार, यंत्र सोडवायला जाणार आणि पाना मोडून घेणार. या विचाराने भटू एकटाच गालातल्या गालात हसायचा.

पाच वर्षं झाली, एकही मोटार भंगारात गेली नाही. कारण या माणसाला वाईट काम जमतच नव्हतं! शेतकरी कौतुकाने सांगायचे, "भटूभाऊ, तुनी भरेल मोटार कुरकुर बी करत नही!" ते ऐकून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मुद्दाम एका मोटारीत तार कच्ची भरली, आणि संध्याकाळच्या आत स्वतःच उसवून पुन्हा नीट भरली.

शेवटी त्याचा धीर सुटला. त्याने स्वतःच्या विहिरीतली, तेच उलटे बोल्ट बसवलेली चालती मोटार वर ओढली. बायको ताईबाई मिरचीला पाणी देत होती, ती धावत आली. "आते त चालू व्हती! काय व्हयनं तिले?"

"जळनी," एवढंच बोलून त्याने मोटार रिक्षात टाकली आणि धुळं गाठलं.

कारखान्यात मोटार पट्ट्यावर चढली. भटू काचेबाहेर उभा राहिला. यंत्राचा हात बोल्टवर बसला, डावीकडे फिरला, अडला, आणि खाडकन पाना तुटला. लाल दिवा लागला. प्रेमराज धावत आला. भटूचा जीव असा थंड झाला की विचारू नका.

"माझे हात तुमच्याकडे आहेत ना, शेठ? खोला की आता!"

प्रेमराजचा चेहरा उतरला. पण मृणाली नावाची तरुण इंजिनिअर बोल्टवर वाकली. "सर, उलटा आटा आहे." तिने नवा पाना लावला, संगणकावर काहीतरी टाईप केलं आणि भटूकडे वळून मनापासून म्हणाली, "काका, बरं झालं ही आणलीत. आता बोल्ट अडला की यंत्र आपणहून उलटं फिरवून बघेल."

यंत्राने उजवीकडे फिरवलं. चारही बोल्ट गळून पडले. आतली तार एका झटक्यात बाहेर आली, नव्यासारखी चकचकीत. प्रेमराजने ती हातात घेऊन पाहिली. "अरे, ही तर चालती मोटार होती! भंगारात का आणलीस?"

तालुकाभरच्या विहिरींत त्याने पाच वर्षं बोल्ट लपवून ठेवले होते, आणि ते कसे सोडवायचे हेही यंत्राला त्यानेच शिकवलं होतं. रागाने त्याचे डोळे भरून आले. या खेपेला शिव्या घालायला प्रेमराजसुद्धा उरला नव्हता.