एका नावाची दोन यंत्रं

चूक माझी होती, आणि तिचा दोष मी मंदाताईंवर ढकलला. आमच्या शीतगृहात तापमान मोजणारी यंत्रं ताई बसवतात. त्या यंत्रांचे निरोप इंटरनेटवरच्या एका केंद्रात, म्हणजे क्लाउडमध्ये, गोळा करण्याचं काम माझं. दार उघडलं-मिटलं तरी एका यंत्राचे पडद्यावर सारखे चारच अंश दिसत होते. मी साहेबांसमोर म्हणालो, "ताईंनी जोडणी नीट केलेली नाही." पुढचं काम त्यांना द्यावं की नाही, याचा साहेब विचार करू लागले. ताई त्या गारठ्यात दोनदा शिडीवर चढल्या आणि उतरून म्हणाल्या, "सर, तार पक्की आहे. जरा तुमच्या क्लाउडमध्ये डोकावा."

डोकावलो. सरावासाठी मी एक खोटं यंत्र तयार केलं होतं, निव्वळ प्रोग्रॅम, कायम चार अंश सांगणारा. आळसाने त्याला खऱ्याचंच नाव दिलं आणि बंद करायला विसरलो. एका नावाने केंद्रात एकच यंत्र टिकतं, म्हणून खोटं खऱ्याला बाहेर ढकलत होतं.

ते बंद केलं. शीतगृहाचं दार कुणीतरी उघडलं असावं. आकडा साडेपाचावर गेला आणि सावकाश उतरला. त्याला हलताना पाहून केवढं हायसं वाटलं. माझ्या मनातही ताईंच्या नावाने मीच रचलेली एक निष्काळजी बाई बसली होती, आणि खऱ्या ताईंचं म्हणणं आत पोचत नव्हतं.

ताईंना साहेबांच्या टेबलापाशी बोलावलं. म्हणालो, "तुमची जोडणी पहिल्यापासून बरोबर होती. मी तुम्हाला यांच्यासमोर दोषी ठरवलं, म्हणून यांच्यासमोरच माफी मागतो."