मोकळ्या जागेतले मावसाजी

देवानं पृथ्वी घडवायला घेतली तेव्हा आमचे मावसाजी तिथं हजर असते, तर त्यांनी देवालाही ओट्याखालीच उभं करून विचारलं असतं, "आंधी हे सांगा, तुमाले धाडलं कोनं?" आणि देवानं कितीही समजावलं असतं, की बाबा, माझ्यावर कोणी नाही, मी आपल्या मनानं आलो, तरी मावसाजींनी नुसती मान हलवली असती. आपल्या मनानं कोणी कुठं येतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. जो चालत येतो त्याला कोणीतरी धाडलेलं असतं आणि धाडणाऱ्याचा डोळा आपल्या घरावर असतो, हे त्यांचं पक्कं मत. ते माझ्या मावशीचे यजमान. वर्धा जिल्ह्यात रेल्वेलाइनच्या कडेनं वाढलेल्या एका गावात त्यांचं घर होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण मावसाजी असते तर म्हणाले असते, "नाव कायले सांगतं बे? पत्ता कोनाले पायजे?" मी वर्ध्याहून दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जायचो, तर सख्ख्या भाच्यालाही हा प्रश्न चुकत नव्हता. "कोनं धाडलं?" "आईनं." "काऊन?" "करंज्या दिल्यात." मग ते डब्याचं झाकण काढायचे, वरच्या करंज्यांकडे ढुंकूनही न पाहता थेट तळाला हात घालून एक बाहेर काढायचे, फोडून आतलं सारण पाहायचे, आणि मगच मला ओटा चढायची परवानगी मिळायची.

हा तळाला हात घालायचा गुण नोकरीतला. ते कापसाच्या जिनात गाड्या तपासायला होते. वर पांढराशुभ्र कापूस, खाली ओला, आणि नशीब जोरावर असलं तर मधे एखादा धोंडा, हा प्रकार त्यांनी इतका पाहिला होता की खांद्यापर्यंत हात खुपसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जिनाच्या मालकाला असाच माणूस हवा होता. पण मालक संध्याकाळी सुटी द्यायचा आणि मावसाजींचा हात काही सुटी घेत नसे. भाजीवालीची टोपली, राशनचं पोतं, काहीच सुटायचं नाही. माझ्या लग्नात पंगत बसायच्या आधी त्यांनी बुंदीच्या परातीत कोपरापर्यंत हात घातला. आचारी बोंबलत धावला. "तपासलेलं बरं," एवढंच म्हणून मावसाजी हात धुवायला गेले. माझ्या सासरचे लोक अजून ही गोष्ट काढतात, आणि काढली की मला हसूही येतं आणि राग पण येतो.

माणूस उगाच असा होत नाही म्हणा. त्यांचं मूळ गाव आंजीकडचं. शेताची वाटणी झाली तेव्हा थोरल्या भावानंच मोजणीवाला आणला होता. दोरी ओढत ओढत तो असा काही फिरला, की विहिरीकडचा चांगला तुकडा दोरीच्या पलीकडे गेला आणि मावसाजींच्या वाट्याला नुसती मुरमाड बरड आली. ती विकून त्यांनी गावात एक मोकळा प्लॉट घेतला. त्यावर स्वतः राबून दोन खोल्या उभ्या केल्या, पुढं ओटा, मागं स्वयंपाकघर, आणि त्यामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, मावशीचा कढीपत्ता आणि वालाचे वेल. जगात त्यांचं म्हणून एवढंच होतं. त्यामुळे हातात दोरी, टेप, खडू नाहीतर चुना घेतलेला माणूस गल्लीत दिसला रे दिसला, की मावसाजी ओट्यावर उभे राहायचे.

त्या काळी चौकटीवर सरकारी लोक काही ना काही लिहून जात. मलेरियावाले फवारणीचा नंबर टाकत, खानेसुमारीवाले गेरूनं आकडा काढत, निवडणुकीवाल्यांचा आणखी वेगळा. सगळ्या गल्लीच्या चौकटी आकड्यांनी भरलेल्या, आमच्या मावसाजींची तेवढी धुतलेली. लिहिणारा कोपऱ्यावरून वळला की हे ओलं पोतं घेऊन पुसायला हजर. "बकऱ्याले कुंकू कवा लावतेत मालूम हाये नं?" मला विचारायचे. "कापाच्या आंधी." परिणाम व्हायचा तोच झाला. मतदार यादीत नाव नाही, खानेसुमारीत घर नाही, आणि फवारणी तर नाहीच नाही. एका पावसाळ्यात हिवतापानं कुडकुडत गोधड्यांच्या ढिगाखाली पडले होते. मी म्हटलं, "मावसाजी, औषध मारू दिलं असतं तर?" ढिगातून आवाज आला, "डास बी धाडलाच असन कोनं तरी."

विजेचा खांब दारासमोर आला तरी त्यांनी वीज घेतली नाही, कारण मीटर पाहायच्या निमित्तानं दर महिन्याला एक माणूस घरात शिरणार. घरटॅक्सचा माणूस खोल्या मोजायला आला, त्याला ओट्यावरूनच असा हाकलला की तो पुन्हा त्या गल्लीला फिरकला नाही. शेजारचे साहेबराव मिलमधे टाइमकीपर, देवमाणूस, पण त्यांची भिंत दरवर्षी बोटभर इकडे सरकते असा मावसाजींना दाट संशय. "भीत चालून राह्यली थे," असं म्हणत ते कोळशानं खूण करून ठेवायचे, आणि भिंत तिथंच दिसली की म्हणायचे, "खून पाहून थांबली." किराणेवाल्यावर तर त्यांचा वेगळाच राग होता. घरात माणसं दोन, आणि साखर काही महिना पुरत नव्हती. दरवेळी पुडी घरी आणून हातावर तोलायचे, दरवेळी वजन बरोबर भरायचं, आणि तरीही साखर आपली संपायचीच. मावशी चुलीपाशी खाली मान घालून पोळ्या लाटत असायची.

आणीबाणीच्या सुमाराला गावात मोजणीवाले आले. सरकारी माणसाशी हुज्जत घालायची तेव्हा कोणाची छाती नव्हती. मावसाजींनी हुज्जत घातलीच नाही. मोजणीदारानं समोर तिपाई मांडली, दुर्बीण बसवली, तशी यांनी ओट्यापुढं दोरी बांधून आपलं धोतर वाळत घातलं. त्यानं तिपाई उचलून डावीकडे नेली, धोतर डावीकडे गेलं. उजवीकडे नेली, धोतर उजवीकडे. उन्हानं त्या बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला आला आणि तो पुढच्या घराकडे निघून गेला. "पाह्यलं?" मावसाजी मला म्हणाले. "घर वाचलं!"

पुढं ऐंशी साल उलटल्यावर नगरपालिकेच्या व्हरांड्यात गावाचा नवा आराखडा लागला. वस्ती पिवळी, बाजार निळा, बगिचे हिरवे. सारं गाव बघायला लोटलं होतं. मावसाजी मला घेऊन गेले आणि नाक नकाशाला टेकवून आपली गल्ली शोधू लागले. गल्ली सापडली. साहेबरावांचं घर पिवळं, पलीकडचं पिवळं, आणि मधे हिरवागार चौकोन. बगिचा! मावसाजींनी टाळी वाजवली हो! "म्यानं सांगतलं होतं का नाई? जनम गेला बोंबलून! आता बोला!" इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता. आयुष्यभराचा संशय चारचौघांत खरा ठरला होता. दोन-चार जणांना हाताला धरून त्यांनी तो चौकोन दाखवला. मग पायऱ्या उतरता उतरता मधेच खाली बसले आणि म्हणाले, "मंग तुही मावशी राहीन कोठं?"

मी परत वर जाऊन तिथल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "तिथं घर आहे? आमच्या मोजणीत तर मोकळी जागा आहे. मोकळी दिसली म्हणून बगिचा टाकला." मावसाजी माझ्या मागं येऊन उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. "धोतराच्या मांगं राह्यलं वाट्टे," एवढंच शेवटी म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना.

हरकत घेतली. पण पुरावा काय देणार? खरेदीखत मोकळ्या प्लॉटचं. टॅक्सची पावती मोकळ्या प्लॉटची. विजेचं बिल नाही, मतदार यादीत नाव नाही, चौकट धुतलेली. सुनावणीला नागपूरहून आलेले साहेब मावसाजींच्याच जातकुळीचे निघाले, म्हणजे संशयी. म्हणाले, "नकाशा लागला की लोक रातोरात घरं उभी करतात आणि जुनं आहे म्हणून सांगत येतात. खरं सांगा, तुम्हाला शिकवून पाठवलं कोणी?" मावसाजींनी आ वासला. जन्मभर जो प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला तो आज त्यांच्यावरच आला होता. ओठ नुसते हलत होते. अशा अवस्थेत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

तेवढ्यात दारातून साहेबराव आत आले. "साहेब, घर जुनं हाये. माह्या लग्नात मांडवासाठी चुना टाकला, तं या मानसानं याच ओट्यावरून माह्या वरातीले शिव्या देल्ल्या. आता माही पोरगी लग्नाची झाली." त्यांच्या मागून मलेरियावाला. "नोकरीले लागलो तवापासून या ओट्याखाली शिव्या खाऊन राह्यलो, साहेब. अन् मंग मागच्या दारानं चहा पेऊन राह्यलो." साहेबांनी चष्मा काढला. "मागच्या दारानं?" "हो नं. पुढून काका हाकलते, मांगून काकू बलावते. ओटा हाये, दार हाये, तं घर असनच नं?" मग भाजीवाली पुढं आली, विजेच्या खांबावर चढणारा आला, घरटॅक्सवाला आला. ज्याला त्याला समोरून शिव्या आणि मागून चहा. शेवटी साहेबांच्या शेजारी बसलेला मोजणीदार टेबलाकडे बघत पुटपुटला, "चहा मीही घेतला होता." साहेबांनी त्याच्याकडे जे पाहिलं, ते पाहून मला त्याची दया आली. सगळं सभागृह हसत होतं. मावसाजी तेवढे ताडकन उठले. "तरीच!" ते ओरडले. "तरीच साखर पुरत नव्हती!"

नकाशात घर पिवळं झालं. बगिचा दुसरीकडे गेला, तिथं अजून गाजरगवत आहे. मोजायला माणूस आला तेव्हा टेपचं एक टोक मावसाजींनी स्वतः धरलं, अर्थात टेप आधी आपल्या हातानं मोजून पाहिला. चौकटीवर नंबर पडला तो त्यांनी पुसला नाही. माणसं हाकलणं मात्र चालूच राहिलं. फक्त हाकलून झालं की आवाज खाली आणून म्हणायचे, "जाय, मांगून जाय."

एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत उलगडली नाही. त्या दिवशी साहेबरावाला धाडलं कोणी? मावशीला विचारलं, ती म्हणाली, मी नाही. मला विचारलं, मीही नाही. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसलो होतो, तेव्हाही तेच. "मलेरियावाल्याचं काय होतं आपल्या घरात? त्यानं काऊन यावं?" मी म्हटलं, "मावसाजी, कोणी धाडलं नव्हतं. आपल्या मनानं आले सारे." "आपल्या मनानं," त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. "असं कसं होईन बे?"

ते गेल्यानंतरच्या दिवाळीला मी गेलो. तोवर आईही राहिली नव्हती, डबा बायकोनं भरून दिला होता, पण जा म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. ओट्याखाली पोचलो आणि सवयीनं थांबलो. ओटा रिकामा होता. चौकटीवरचा नंबर अजून दिसत होता. मी उगाच डब्याचं झाकण सैल करून ठेवलं. कोणी काही विचारलं नाही.

"आपल्या मनानं आलो, मावसाजी," मी म्हटलं.

आतून मावशीचा आवाज आला, "कोन हाये? बाबू? मांगून ये, चहा ठेवते."

मी घराला वळसा घालून सांदवाडीतून आत गेलो.