रविवारचा आकडा

ज्या मुलीबद्दल हे लिहिते आहे, तिने पहिल्याच भेटीत मला खोटं कसं लिहायचं ते शिकवलं होतं. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि चार वर्षांपासून तिला डायबिटीस होता. लहान मुलांना होतो तो, दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारा. मी सीताबर्डीत एका कपड्याच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर, लहानशा कंपनीत, मोबाइल ॲपची डिझाइनर होते. आम्ही अशाच मुलामुलींसाठी ॲप करत होतो. त्यांनी रोजची शुगर त्यात लिहायची, काय खाल्लं ते लिहायचं, आणि त्यांच्या डॉक्टरांनी ते पाहून इन्सुलिनचा डोस कमीजास्त करायचा. काम चांगलं होतं. त्यामुळे मीही चांगली आहे असं मला वाटत असे.

मुलांशी बोलल्याशिवाय मी एक बटणसुद्धा आखणार नाही असं मी ऑफिसात ठणकावून सांगितलं होतं. म्हणून कोराडीला गेले. तिचे वडील वीज केंद्रात नोकरीला, घर कॉलनीतलं क्वार्टर. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की राख लागायची. तिची आई सकाळी पुसायची आणि संध्याकाळी पुन्हा पुसायची. चहा ठेवताना तिने मला विचारलं, "साखर चालते ना मॅडम तुमाले?" आणि विचारून झाल्यावर स्वतःच ओशाळली. त्या घरात साखर हा शब्द जरा हळूच उच्चारला जात होता.

आई आत गेल्यावर मुलीने तिची शुगरची वही माझ्यापुढे ठेवली. तारीख, वेळ, आकडा. कुठे निळी शाई, कुठे काळी, मध्येच अक्षर पुसट. कोणालाही वाटावं की रोजच्या रोज लिहिलेली आहे.

"कशी हाय?" तिने विचारलं.

"छान आहे की."

"तीन महिन्याची वही मी एका दुपारी भरली, ताई," ती हसत म्हणाली. "तीन पेन लागतात. एक निळा, एक काळा, एक सुकत आलेला. आन् सगळे आकडे चांगले लिवले ना, तं डॉक्टरले डाउट येते. हप्त्यात एक खराब टाकाच लागते. मी रविवारी टाकते."

"रविवारी काहून?" माझी नागपुरी अशा वेळी आपोआप वर येते.

"रविवारी घरी मटण राहते ना. कोणाले नवल नाई वाटत."

मी इतकी हसले की आतून आईने विचारलं काय झालं म्हणून. मग मी तिला विचारलं, खरे आकडे का नाही लिहीत? ती गंभीर झाली. म्हणाली, "खरा आकडा लिवला का एकच प्रश्न राहते. काय खाल्लं होतं? ताप आला तरी वाढते, पेपर असला तरी वाढते. पण घरी तेच. काय खाल्लं होतं?" मग म्हणाली, "तुमच्या ॲपमधलं आईले दिसन का?"

"नाही. तू आणि डॉक्टर. बस."

तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "घ्या शप्पथ."

मी शप्पथ घेतली. तेल लावून वेणी घातलेलं डोकं होतं ते, अजून आठवतं. त्यानंतर तिने खरे आकडे लिहायला सुरुवात केली. चाचणीतल्या मुलांचे आकडे ऑफिसात माझ्या संगणकावर दिसत, आणि तिचे पाहून मला धास्ती वाटे, इतके ते वरखाली होते. पण खरे होते. डॉक्टर त्यावरून डोस बदलत होते. दोन महिन्यांत आकडे हळूहळू खाली येऊ लागले.

मग ऑफिसात पालकांसाठीच्या पानाचा विषय निघाला. ॲप घरात कोण घेतं, आईबापच घेतात, आणि त्यांना काहीच दिसणार नसेल तर ते घेतीलच कशाला, असं आमच्या साहेबांचं म्हणणं. मी भांडले. टेबलावर हात आपटला. मुलं पुन्हा खोटं लिहायला लागतील असंही म्हणाले. पण माझा राग दुधासारखा आहे. भसकन वर येतो आणि गॅस बारीक केला की मुकाट खाली बसतो. साहेबांनी चहा मागवला, गोड बोलले, आणि दुसऱ्या दिवशी मी ते पान तयार करायला बसले.

बरं, नाइलाजाने काढायचं तर कामचलाऊ काढावं. तेही नाही. मी ते मन लावून काढलं. शुगर फार वाढली की आईच्या फोनवर लाल पान उघडायचं आणि मोठा आवाज व्हायचा. तो आवाज मी स्वतः निवडला. मिक्सर चालू असला तरी स्वयंपाकघरात ऐकू यावा म्हणून नंदनवनच्या माझ्या घरी मिक्सर लावून तपासून पाहिला. लाल पानावरची अक्षरं एवढी मोठी ठेवली की चष्म्याशिवाय वाचता यावीत. नव्या अटींवर पालकांनी "मान्य आहे" हे बटण दाबायचं होतं. तिच्या वडिलांनी दाबलं. मुलीला कोणी विचारलं नाही, कारण विचारायची जागा मी त्या पानावर ठेवलीच नव्हती.

तिला सांगायला हवं होतं. एका फोनचं काम होतं. कोराडी काही लंकेत नाही. पण शप्पथ मोडली हे सांगायचं कसं, म्हणून मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले.

आणि दसरा आला. दसऱ्याला त्यांच्याकडे गावाकडचे पाहुणे उतरतात. दीक्षाभूमीला जाऊन येतात, दोन दिवस राहतात, घर भरून जातं. त्या वर्षी पंधरा-वीस माणसं होती. मुलीचा आजार पाहुण्यांपैकी कोणालाच माहीत नव्हता. उद्या लग्नाच्या वेळी बोट दाखवायला नको, म्हणून आईवडिलांनी तो चार वर्षं झाकून ठेवला होता. दुपारी जेवणं झाल्यावर मुलीने बाथरूममध्ये जाऊन शुगर तपासली आणि शहाण्या मुलीसारखा खरा आकडा लिहिला. बाहेर टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेला आईचा फोन बोंबलला. आत्या जवळ बसली होती. तिने फोन उचलला आणि लाल पान सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून काढलं. मुलीच्या नावासकट. अक्षरं मोठी होती ना, चष्म्याची गरजच पडली नाही.

मग जे व्हायचं ते झालं. कोणी कारल्याचा रस सांगितला, कोणी जांभळाच्या बिया. कोणी आईला विचारलं, एवढं लपवून काहून ठेवलं वं? आणि आईने सगळ्यांसमोर मुलीला विचारलं, "काय खाल्लं होतं?"

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ताई, माहे आकडे आईच्या फोनमधी कसे गेले?"

मी काय म्हणाले असेन? चुकलं म्हणाले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "नव्या अटींमध्ये लिहिलं होतं बघ. पप्पांनी मान्य केलं होतं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्या माझ्या वाक्याची मला आजही किळस येते.

दुसऱ्या आठवड्यापासून तिचे आकडे सुंदर झाले. एकशे अठरा, एकशे चौतीस, एकशे सात, एकशे बेचाळीस. वेळच्या वेळी, दिवसातून चारदा. वही एका दुपारी भरता यायची, ते ॲपमध्ये जमू नये म्हणून मी प्रत्येक आकड्यापुढे लिहिल्याची वेळ आपोआप उमटेल असं केलं होतं. पेनं बंद केली, पण डोकं थोडंच बंद होतं. ऑफिसात सगळे खूश. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, पाहा, आई पाहतेय म्हटल्यावर पोरगी कशी लायनीवर आली.

मी पडद्याकडे पाहत होते. रविवारी दोनशे चार. त्याच्या आधीच्या रविवारी एकशे अठ्ठ्याण्णव. त्याच्याही आधीच्या रविवारी दोनशे अकरा. बाकी सगळा आठवडा स्वच्छ.

मला त्या क्षणी कळलं. मी अंदाज केला, मला शंका आली, असं काही नाही. कळलं. तिने मला शिकवलेलं होतं ते. नागपुरात ते वाचता येणारं एकच माणूस होतं आणि ते त्या खुर्चीवर बसलं होतं. यातली एकही शुगर खरी नाही, आणि डॉक्टर या खोट्या आकड्यांवर तिचा खरा डोस ठरवत आहेत, हेही मला लख्ख दिसत होतं. शुगर वाढत असणार आणि डोस तेवढाच राहत असणार.

तो सोमवार होता. शुक्रवारी मोठ्या लोकांसमोर आमचं सादरीकरण होतं. पालकांच्या पानाचा उपयोग दाखवायला सगळ्यांत चांगला आलेख तिचाच होता. शुक्रवार होऊन जाऊ दे, मग फोन करते, असं मी ठरवलं. माझ्या हाताने मी तिचा आलेख सजवला. आधीचा वेडावाकडा भाग लाल, नंतरचा सपाट भाग हिरवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर साहेबांनी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. डायबिटीसच्या ॲपसाठी बर्फी, यावर सगळे हसले. मीही हसले, दोन खाल्ल्या.

शुक्रवार गेला. पण आता टाळ्या घेतलेल्या आलेखाला खोटा म्हणायचं म्हणजे आपणच हात दाखवून अवलक्षण. पुढच्या आठवड्यात करू. त्या रविवारी दोनशे सहा. त्याच्या पुढच्या रविवारी एकशे शहाण्णव. मी पडद्यावर पाहायची आणि दुसरं काम उघडायची.

त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या वडिलांचा फोन आला. ताप, मग उलट्या, मग श्वास एवढ्या जोरात की शेजारच्या घरी ऐकू जावा. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. मी रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायची आणि गाडी वळवून परत यायची. चौथ्या दिवशी तिला वॉर्डात आणलं, तेव्हा आत गेले.

हाताला सलाइन, ओठ सुकलेले, वेणी कोणीतरी घाईत घातलेली. आईने उठून मला खुर्ची दिली. डॉक्टरांनी मुलीचं शुगर तपासायचं मशीन उघडून पाहिलं होतं. मशीन आकडे विसरत नाही. त्यात कुठे चारशे, कुठे पावणेचारशे, आणि मग आठवडेच्या आठवडे काहीच नाही, तपासणंच बंद.

आई रडून रडून थकलेली होती. तिने कोणताही आळ न घेता, अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, तुमाले तं सगळ्याइचे आकडे दिसतात ना? मधात काही दिसलं नाई का जी तुमाले?"

मी तोंड उघडलं, पण पलंगावरून आवाज आला.

"ताईले कसं दिसन, आई? मी लिवलेच तसे. डॉक्टरले नाई समजलं, तं ताईले काय समजते?"

आईने मान हलवली. पटलं तिला. थोड्या वेळाने ती पाण्याची बाटली भरायला बाहेर गेली. मुलगी छताकडे पाहत होती.

"रविवारचा पाहत होत्या ना तुमी?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

"ॲपमधी त्याची गरज नोती. डॉक्टर खूशच होते. पण तुमालेच तेवढं मालूम होतं ना, म्हणून टाकत होती. मले वाटे, पाहून तुमी फोन करान."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मला राग समजतो. तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला आणि ठेवता आला नाही. मग आई बाटली घेऊन आली.

नंतर मी ऑफिसात खूप आदळआपट केली. आता मुलाने स्वतः हो म्हटल्याशिवाय पालकांना आकडे दिसत नाहीत, आणि तो आवाज मी कायमचा काढून टाकला. बैल गेला आणि झोपा केला. तो हिरवा आलेखही सादरीकरणातून काढला. तब्येत बिघडली म्हणून काढला, असं साहेबांना सांगितलं. तो खोटा आहे हे मला आधी माहीत होतं, हे सांगितलं नाही.

पुढच्या दसऱ्याला तिच्या आईने मला जेवायला बोलावलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं, गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. मुलगी बरी दिसत होती, सगळ्यांच्या देखत तिने पोटाला इन्सुलिन टोचलं आणि माझ्या शेजारी जेवायला बसली. तिच्या आईने माझी ओळख करून दिली. समोर तीच आत्या होती. "ह्याच मॅडम," आई म्हणाली, "ह्याइनं आमच्या पोरीसाठी लय केलं."

सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. सांगून टाकावं, आत्ता, इथेच, असं अगदी ओठांवर आलं. मी मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून पोळी मोडत होती.

"आई," ती म्हणाली, "ताईले भाजी वाढ ना वं."

मी ताट पुढे केलं.