तळाचं बी

माझे सासरे, म्हणजे आबा, जगातल्या माणसांचे दोनच प्रकार मानत: भरीव आणि पोचट. दुकानदार पोचट, ग्रामसेवक पोचट, रेडिओवर हवामान सांगणारा पोचट, माझा सख्खा मामा तर बघताक्षणीच पोचट. भरीव म्हणावेत असे त्यांना आयुष्यात चार-दोनच भेटले होते आणि त्यांतला एक बैल होता.

हे शब्द त्यांच्या शेतातले. गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांच्या मधेमधे शेतं टिकून होती, त्यांतलं एक आबांचं. वांगी, मेथी, झेंडू आणि कांदा. कांद्याचं बी ते कधी विकत आणत नसत. उन्हाळ्यात डोंगळ्यांचे, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांचे, गोंडे वाळले की चोळून त्यातलं काळं बारीक बी काढायचं, पाणी भरलेल्या घमेल्यात ओतायचं, एकदा हात फिरवायचा आणि थांबायचं. भरलेलं बी तळाला बसतं, पोकळ बी वर तरंगतं. वरचं ओंजळीनं काढून बांधापलीकडे भिरकवायचं, 'पोचट मेलं' म्हणायचं, आणि तळाचं सावलीत वाळत घालायचं. माझा नवरा लहानपणापासून हे काम करत आलेला. पुढे तो नाशिक रोडला सरकारी कचेरीत चिकटला, आम्ही इंदिरानगरात फ्लॅट घेतला, तरी बियाच्या दिवशी रजा टाकून तो शेतावर जायचाच.

लग्नाला पाच-सहा वर्षं होऊनही आमच्याकडे पाळणा हलेना. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे सुनेची चौकशी करण्याचं खातंही आबांकडेच आलेलं. ते खोकून चौकशी करत. मी जेवताना लिंबाची दुसरी फोड मागितली की खोकला. मी दुपारी जरा आडवी झाले की खोकला. मग मी म्हणायची, "नाही हो आबा, पित्त झालंय." ते मान हलवायचे आणि जाताना मेथीची एक जुडी जास्त ठेवून जायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. प्रजननाचा धडा आला की 'हा घरी वाचून या' असं सांगून पुढच्या धड्यावर उडी मारणाऱ्यांतली मी. त्याची परतफेड अशी झाली की तोच धडा मला एका दवाखान्यात, भरल्या बाकांसमोर, खुद्द सासऱ्यांच्या साक्षीनं शिकावा लागला.

आधी अर्थात सगळ्या तपासण्या माझ्याच झाल्या. दोन वर्षं. सुया, गोळ्या, फोटो, पुन्हा सुया. मग आम्ही गंगापूर रोडला नव्यानं निघालेल्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी माझी जाडजूड फाइल बाजूला सारली आणि म्हणाल्या, "हिचं पुष्कळ झालं. आता यांचंही बघू."

बघितलं. नवऱ्याचा रिपोर्ट आला: शुक्रजंतूंची संख्या ठीक, पण हालचाल कमी. बाईंनी कागदावर एक नळी काढून समजावलं. नमुना धुऊन नळीच्या तळाशी ठेवायचा, वर स्वच्छ द्राव ओतायचा आणि थोडा वेळ उबेत थांबायचं. जे चांगले पोहतात ते आपण होऊन वर येतात. तेवढेच निवडून घ्यायचे आणि बारीक नळीनं गर्भपिशवीत सोडायचे. "तुमच्याकडे आहेत भरपूर," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण बरेचसे तळालाच बसून राहतात."

नवरा त्या दिवसापासून गप्प झाला. कचेरीतून यायचा, पेपर उलटा धरून बसायचा. शेतावर जाणं बंद. त्या साली बियाच्या दिवशीसुद्धा गेला नाही. ऑडिट आहे म्हणाला. दोन वर्षं माझ्या अंगाची चाळण झाली तेव्हा कुणाची मान खाली गेली नव्हती, पण ते असो. मला त्याची भीती कळत होती. आबांच्या तोंडून तो एक शब्द त्याच्यासाठी निघाला असता, तर त्यानं पुन्हा त्या बांधावर पाय ठेवला नसता. मला मूल हवं होतं, फार हवं होतं. पण माझा नवरा मला त्याहून आधी परत हवा होता.

शेवटी मीच आबांना सांगितलं, की आमचे उपचार चालू आहेत, दोघांचेही, आणि अमुक दिवशी सकाळी जायचंय. 'दोघांचेही' वर ते खोकले नाहीत. त्या सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो तर आबा आमच्या आधीच बाकावर हजर. डोक्याला टोपी, पायाशी वांग्यांची पाटी.

"हितं आधी कोबी व्हायचा," ते समोरच्या बाकावरच्या सासू-सुनांना सांगत होते. "लय भारी जमीन."

नमुना आत गेला होता आणि आम्ही वाट बघत होतो. नवरा फरशीकडे बघत होता. तेवढ्यात डॉक्टरीणबाई काहीतरी सांगायला बाहेर आल्या. आबा ताडकन उठले.

"बाई, उगवण किती?"

बाईंना कळेना. मी लाजेनं अर्धी होऊन सांगितलं, की बियाण्याच्या पाकिटावर छापलेलं असतं ना, शंभरातलं किती बी उगवेल, ते विचारताहेत. बाई हसल्या आणि त्यांनी सरळ आकडा सांगून टाकला.

"येवढीच? असलं पाकीट मी दुकानदाराच्या अंगावर फेकीन."

"फेका," बाई म्हणाल्या. "पण माझ्याकडे दुसरं पाकीट नाही, आबा."

मी फळ्यावर शेकडेवारी शिकवणारी बाई. तरी तो आकडा त्या दिवशी मला कुठे धरावा कळेना. शंभर बायकांचा हिशेब होता तो. माझ्या वाट्याला एक तर सगळं येणार होतं, नाही तर काहीच नाही.

"थोडा वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "जेवढे वर येतील तेवढे घेऊ."

आबांचा चेहरा बदलला. "वर येतील ते? आन् तळाचं?"

"ते टाकून देतो."

"आवो बाई, उलटं करताय तुम्ही!" सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला. "वर येतं ते पोचट आसतं. सत्तर वर्सं झाली मला. भरलेलं बी तळाला बसतं. ह्याचं जास्त कुठं हाय, वर का तळाला?"

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. मला फरशी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि जे खरं ते सांगितलं. "तळाला."

आबांनी मुलाच्या पाठीत अशी थाप मारली की तो पुढच्या बाकावर आपटता आपटता वाचला. "बघ! सांगत व्हतो का नाय? भरीव हाय! माझ्या घरचं बी, पोचट कसं निघंल?"

आता विज्ञानाच्या बाईंनी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही होतं. पण नवऱ्यानं मान वर केली होती. कित्येक आठवड्यांनी मला त्याचा सबंध चेहरा दिसला, आणि तो हसत होता, वेड्यासारखा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तोंड मिटलं.

"चला आबा, आत येऊन सूक्ष्मदर्शकाखाली तुम्हीच बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कोणत्या सासऱ्यानं सुनेच्या देखत असलं काही बघायला जावं? आबा गेले. मी पर्समध्ये तोंड खुपसून नसलेली किल्ली शोधत बसले. ते बऱ्याच वेळानं बाहेर आले. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत उभे राहिले.

"काय दिसलं?" मुलानं विचारलं.

"लय गर्दी हाय," आबा म्हणाले. मग बाईंकडे वळून एकदम मोठ्यांदा, "बाई, तुम्ही काय करायचं ते करा, पण थोडं तळाचंबी टाका. घरचं हाय."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर नीट पाहिलं. "टाकते, आबा," त्या म्हणाल्या, आणि वांग्यांची पाटी घेऊन आत गेल्या.

पहिल्या खेपेला काही झालं नाही. मी स्टाफरूममध्ये वह्यांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून रडले. आबा म्हणाले, "दुबार पेरणी करू, त्यात काय?" दुबारही वाया गेली. तेव्हा मात्र आबा बेल न वाजवता दाराशी मेथी ठेवून गेले. ती मेथी निवडताना मला वाटलं, आता पुरे, मला नाही झेपत हे. पण नवरा म्हणाला, अजून एकदा. हे तोच म्हणाला, ज्याला आधी त्या दवाखान्याची पायरी नको होती. तो पुन्हा शेतावर जायला लागला होता, वांग्यांच्या ओळीत बापाशी भांडायला लागला होता.

"आबा म्हणतात ते तुम्हाला खरं वाटतं का हो?" मी एकदा विचारलं.

"खरं कशाला वाटेल?" तो म्हणाला. "पण बरं वाटतं."

पुढच्या खेपेला राहिलं. मुलगी झाली.

ती झाली ती अशी निवांत, की जिथे ठेवू तिथे बसून राही. चालली उशिरा, बोलली उशिरा. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत सगळी मुलं पोचून पाणी पिऊन झाली तरी आमची ही वाटेतला पिवळा किडा बघत उभी. आबांना आनंदाचं भरतं यायचं. "तळाची हाय ती! दमानंच येणार." नातेवाइकांसमोर, मास्तरांसमोर, दूधवाल्यासमोर त्यांचं एकच चालू. "डॉक्टरीणबाईला मीच सांगितलं व्हतं, तळाचं टाका म्हणून." हे ऐकताना नवरा दर वेळी नवं ऐकल्यासारखा हसायचा. मी मनात म्हणायची, एवढी वर्षं झाली, एकदा या म्हाताऱ्याला नीट समजावून सांगितलं पाहिजे.

ती तिसरीत होती तेव्हाची मे महिन्याची सुट्टी. बियाचा दिवस. नवरा खताचं पोतं आणायला स्कूटरवरून गेला होता. मी शेतातल्या खोलीत चहा टाकत होते, आणि बाहेर विहिरीजवळच्या सावलीत आजोबा-नात घमेल्यावर वाकून बसले होते. मुलीनं वरचं बी ओंजळीत घेतलं आणि बांधाकडे निघाली.

"फेकू नको," आबा म्हणाले. "आण इकडं. त्याची येगळी पुडी बांधायची."

"पण हे पोचट आहे ना?"

"आसंना का. विहिरीजवळ बारका वाफा करतो मी त्याचा. तू झाली तवापासून करतो."

माझा हात पातेल्यावरच राहिला. तो बारका वाफा मी दर वर्षी बघत होते. त्यात विरळ विरळ रोपं असायची आणि मला वाटायचं, म्हाताऱ्याचा हात आता थरथरतो.

"उगवतं का त्यातलं?"

"एखादं उगवतं."

"एखादंच?"

"एकच पुरतं, बाई. तू बी वर आलेल्यातलीच हाय. मी सोता बघितलं ना भिंगातनं. तळाची नुसती पडून व्हती. वरची थोडीच, पर काय पळत व्हती!"

मुलगी विचारात पडली. "मग तुम्ही मला तळाची का म्हणता?"

"ते तुझा बाप ऐकत आसला म्हंजी."

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर वाजली. आबांनी पुडी धोतराच्या ओच्यात सारली, नातीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्या गंगापूर रोडला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "आली का स्वारी? ने बाबा तुझी ही तळाची पोरगी! सकाळधरनं जागची हालली नाय!"

खताचं पोतं खांद्यावर घेऊन माझा नवरा हसत हसत आत आला. मी चार कपांत चहा ओतला आणि चौघांसाठी बाहेर घेऊन गेले.